लहान मुलांना घेऊन परदेशी जायचं का? कोल्हापुरातल्या कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा

शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटीला असलेल्या मुलाला जर्मनीतल्या कंपनीची ऑफर येते. नर्सिंग झालेल्या सुनेची दुबईच्या हॉस्पिटलसाठी मुलाखत होते. आयटीतल्या जावयाला कंपनीच लंडनला पाठवायचं म्हणते. घरात लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, पोराचं भलं होईल. दुसरी म्हणते, म्हातारपणी आमच्याकडे कोण बघणार? दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण महिनाभर वाद घालूनही त्यातून निर्णय निघत नाही. कुणाच्याच हातात आकडे नसतात, तारखा नसतात, आणि घरातल्या एका माणसाला, बहुतेक वेळा बायकोला, कुणी नीट विचारलेलंच नसतं.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. ज्या गोष्टीमुळे सगळा बेत मोडू शकतो ती आधी तपासायची. पगाराचा हिशोब त्यामुळेच चौथा येतो.

पहिली पायरी: एका वाक्यात बेत लिहा

"परदेशी जायचं" एवढ्यावर विचार करता येत नाही. कंपनी, शहर, वर्षं आणि फेरविचाराची तारीख एवढं वाक्यात हवं. उदाहरणार्थ: "अमुक कंपनी, श्टुटगार्ट, तीन वर्षं, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला पुढचं ठरवायचं." हे वाक्य नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर लिहावं आणि मग कागद अदलाबदल करावेत. एकाच्या कागदावर तीन वर्षं आणि दुसऱ्याच्या कागदावर कायमचं, असं निघालं तर आधी त्यावर बोला.

वर्षं लिहायला मी एवढ्यासाठी सांगतो की प्रत्येक देशाचा मुक्काम वेगळ्या जातीचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, पण राहण्याचा परवाना साधारणपणे नोकरीला बांधलेला असतो आणि नागरिकत्वाची नेहमीची वाट नाही. तिथे पैसे साठवायला जायचं आणि परत यायचं, हे आधीच मान्य असावं. जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्या माणसाला जर्मन भाषेची बी-१ म्हणजे मध्यम पातळी असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, प्राथमिक ए-१ पातळीवर २७ महिन्यांनी. अमेरिकेत एच-१बी हा नोकरीचा व्हिसा साधारण सहा वर्षांचा असतो. ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यात, एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग अनेक वर्षांची. त्या रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं तर ते आईबापाच्या व्हिसातून बाहेर पडू शकतं. आज तुमचं मूल चार वर्षांचं आहे म्हणून हा मुद्दा सोडून देऊ नका.

दुसरी पायरी: ज्याला नोकरी लागलेली नाही, त्याचा दिवस कसा जाईल?

माझ्या मते सगळा निर्णय इथे ठरतो. नोकरीवर जाणाऱ्याला सकाळी जायला जागा असते, सहकारी असतात, ओळख असते. दुसऱ्याचं काय होणार हे तीन प्रश्नांनी तपासा.

काम करायची कायदेशीर परवानगी आहे का? जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदारालाही बहुतेक कामं करता येतात. अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, गेलेल्या जोडीदाराला तसा हक्क नाही. नोकरदाराचा ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झाला की मगच बहुतेकांना वेगळा परवाना मागता येतो. काही व्हिसांवर तर कुटुंब नेताच येत नाही. ब्रिटनने केअर वर्करना कुटुंब आणण्याची मुभा मार्च २०२४ पासून बंद केली.

शिक्षण तिथे चालतं का? आपल्याकडे बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या मुली खूप आहेत. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या आहेत. त्या पदवीवर जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. वकिलाची सनद इथल्या न्यायालयांपुरती. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यावर इथल्या वकिलाने प्रॅक्टिस सोडणं म्हणजे काय, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. नर्स आणि फिजिओथेरपिस्टला वाट आहे, पण जर्मनीत त्याआधी पदवीची मान्यता आणि साधारण बी-२ पर्यंत भाषा लागते. ती भाषा इथूनच शिकायला सुरुवात करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. तुमचा व्यवसाय त्यात बसतो का, हेही बघा.

मूल कुठे ठेवणार? जर्मनीत एक वर्षाच्या मुलापासून पाळणाघराचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, तरी अनेक शहरांत जागा मिळायला महिने लागतात. इंग्लंडमध्ये नोकरदार आईबापांना आठवड्याला ३० तासांची सरकारी सोय आहे. मात्र दोघांच्याही व्हिसावर सरकारी निधी न मिळण्याची अट असेल तर ती मिळत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला सगळ्यांसाठी असलेले १५ तास मिळतात, त्यापलीकडचा खर्च स्वतःचा. म्हणजे काम करायची परवानगी असली तरी जोडीदाराची पहिली एक-दोन वर्षं घरातच जाऊ शकतात.

जायच्या आधी एक महिना इथेच तसं राहून बघा. आजी-आजोबांकडे मूल ठेवायचं नाही, भांडी-फरशीला मावशी नाहीत, आईकडून डबा नाही, ताप आला तर दोघांपैकी एकाने रजा टाकायची. महिन्याच्या शेवटी दोघं कसे बोलताय एकमेकांशी, त्यावरून बरंच कळेल. हा महिना अजिबात न झेपणाऱ्या जोडप्याने जाऊ नये असं मी म्हणणार नाही, पण कामाची वाटणी तिथे गेल्यावर बघू, हे तरी म्हणू नये.

तिसरी पायरी: मुलाचं वय आणि परतीची शाळा

पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल नवी भाषा साधारणपणे खेळता खेळता उचलतं. दहाच्या पुढे मित्र, अभ्यास, भाषा एकदम बदलणं जड जातं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या शाळांचे मार्ग वेगळे होतात, त्यामुळे तिसरीत पोचलेल्या मुलाला भाषेसाठी फार थोडा वेळ मिळतो. घरी बसवून शिकवण्याची तिथे परवानगी नाही. गोवराची लस घेतल्याचा पुरावा नसेल तर पाळणाघरात प्रवेशही मिळत नाही, म्हणून लसीकरणाचं कार्ड हरवू देऊ नका.

परतीचाही विचार आत्ताच करा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. पाचवीत परत आलेल्या मुलाला मराठी बोलता येईल, पण वाचता-लिहिता येत नसेल तर पहिलं वर्ष रडण्यात जातं. तिथे राहताना आठवड्यातून दोन दिवस बाराखडी आणि वाचन ठेवा. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. तुमच्या शहरात काय आहे ते आधी शोधा.

चौथी पायरी: पगाराला रुपयांनी गुणू नका

समजा, हातात महिना ३,१०० युरो येणार. युरोला साधारण शंभर रुपये धरले तर तीन लाख दहा हजार, आणि घरात सगळ्यांचे डोळे मोठे होतात. आता खर्च त्याच युरोत मांडा. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या शहराचे तुम्ही भरा: हीटिंगसह घरभाडं १,४५०, किराणा-भाजी ६००, वीज-फोन-बस-विमा २५०, मुलाचं २५०, वर्षातून एकदा तिघांनी गावी यायचं तर महिन्याला २५० बाजूला, राजारामपुरीतल्या फ्लॅटचा हप्ता ३००, आईवडिलांना २००. बेरीज ३,३००. जर्मनीत मुलामागे मिळणारे बालभत्त्याचे २५५ युरो (२०२५ चा दर) धरूनही हातात उरतात ५५. जोडीदार कमवायला लागल्यावर चित्र पार बदलतं. म्हणून दुसरी पायरी आधी घेतली.

सुरुवातीचा एकरकमी खर्च वेगळा काढा. ब्रिटनचा आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आगाऊ भरावा लागतो. दोघं आणि एक मूल, तीन वर्षं: ८,५३८ पौंड, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. कंपनी तो फक्त नोकरदाराचा भरणार की तिघांचा, हे लेखी घ्या. तिथे पोचताना तीन महिन्यांचा खर्च हातात असावा, आणि तो दागिने गहाण ठेवून उभा केलेला नसावा.

पाचवी पायरी: मागचं घर

आईवडिलांना "तुमचं काय मत?" असं विचारून निर्णय त्यांच्या अंगावर टाकू नका. ते हो म्हणतील आणि रात्री झोपणार नाहीत. त्याऐवजी नावानिशी ठरवा: दवाखान्यात कोण नेणार, रात्री दोनला फोन कुणाला लागेल, औषधांचा खर्च कुठल्या खात्यातून. भाऊ-बहीण इथे असतील तर हे काम त्यांच्यावर गृहीत धरू नका, समोर बसून विचारा. सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे.

घर पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात असेल तर पावसाळ्याची व्यवस्था वेगळी लिहा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूर तुटलं होतं. तुम्ही विमानाने मुंबईला उतरलात तरी घरी पोचाल याची खात्री नाही. तेव्हा ३९ फुटांना कोण येऊन आईवडिलांना आणि सामानाला हलवणार, हे जुलैच्या आधी पक्कं हवं.

शेतीबाबत फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. अनिवासी झाल्यावर आधीची जमीन ठेवता येते, वारसाने आलेलीही घेता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. भाऊबंदांकडून उसाचा तुकडा घ्यायचं बोलणं चालू असेल तर ते जाण्याआधी संपवा. वारसनोंदी आणि सातबारा याच काळात बघून घ्या. मुखत्यारपत्र करायचंच तर नेमक्या कामापुरतं करा आणि नोंदवा. सरसकट अधिकार कुणालाच देऊ नका, तो कितीही जवळचा असो. बँकेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं, पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं पण पुढे वाढवता येत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पुढे तिकडचं घेतलं तर इथलं सुटतं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन खरेदीही नाही.

सहावी पायरी: एजंट असेल तर

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का ते बघा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. पर्यटक व्हिसावर चला, तिथे बदलून देतो, असं म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा.

सातवी पायरी: तारीख ठरवून निर्णय

एवढं झाल्यावर दोघांनी दिवस ठरवून बसा. कमावणाऱ्याचं मत जास्त वजनाचं मानू नका. एकाचा ठाम नकार असेल तर त्या वर्षी जाऊ नका. मन मारून गेलेला माणूस परक्या गावी पहिल्या हिवाळ्यात फार एकटा पडतो, आणि ते मुलालाही कळतं.

होकार असेल तर मुलाचा पासपोर्ट आधी काढा. कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात तो होतो, आईवडील दोघांची संमती लागते आणि लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. महापालिकेचा जन्मदाखला, विवाह नोंदणी आणि दोघांचे पासपोर्ट यांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नानंतरचं नाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे, यातच कितीतरी व्हिसा अडकतात. मग कागदपत्रं तिकडे चालावीत म्हणून देशानुसार अपॉस्टिल हा सरकारी शिक्का किंवा दूतावासाचं प्रमाणीकरण. शक्य असेल तर नोकरी लागलेल्याने आधी जावं, घर आणि पाळणाघराची जागा पक्की करावी आणि मग बाकीच्यांनी निघावं. हा विरह तीन-चार महिन्यांपेक्षा लांबवू नका.

नकार असेल तर कंपनीला लवकर आणि लेखी कळवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचार होऊ शकतो का ते त्याच पत्रात विचारा. आईवडिलांसाठी, पुरासाठी आणि सातबारासाठी केलेली यादी मात्र फाडू नका. तिच्यातली बरीच कामं इथे राहूनही करायची आहेत.