मेनसेल रीफ करताना या चुका टाळा

रीफ घ्यावा का, म्हणजे मेनसेल (मुख्य शीड) थोडं खाली घेऊन लहान करावं का, अशी शंका आली म्हणजे वेळ झालेली असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा १४ वर गेला की शिडावरचा जोर जवळपास दुप्पट. होडी २० अंशांच्या पुढे कलली आहे, टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी धरावा लागतोय, अशा वेळी 'झोत आहे, जाईल' म्हणत बसू नका. वारा मागून असला की हमखास फसगत होते. १८ नॉटच्या वाऱ्यात ६ नॉटने पळताना अंगाला जेमतेम १२ जाणवतो. होडी वळवली की खरा जोर कळतो.

त्याच मागच्या वाऱ्यात शीड खाली घ्यायला जाऊ नका. ते शोरा (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा) आणि स्प्रेडरवर (त्या तारा बाहेर ताणणाऱ्या आडव्या दांड्या) दाबून बसतं, डोलकाठीवर सरकणारे शिडाचे स्लाइड अडकतात. क्लोज रीचवर (वारा बाजूने, थोडा समोरून) या, जिब (पुढचं शीड) भरलेला ठेवा आणि मेनशीट (मेनसेल आत-बाहेर करणारा दोर) सोडा. होडीचा वेग राहतो, सुकाणू ऐकतं.

सगळ्यात जास्त तक्रार एकच: रीफचा दोर विंचवर (दोर ओढायची चरखी) कितीही आवळा, क्लूची (शिडाचा खालचा मागचा कोपरा) कडी बूमपर्यंत (शिडाखालची आडवी काठी) येतच नाही. बहुतेक वेळा व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) ताठ राहिलेला असतो, नाहीतर मेनशीट. बूमला वर उठायला वावच नसतो. तरीही विंच फिरवत राहिलात तर कापड फाटेल. थांबा, दोन्ही सैल करा. मात्र त्याआधी टॉपिंग लिफ्ट (बूम वरून तोलणारा दोर) आवळा; ती विसरलात तर हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) सोडताच बूम कॉकपिटमधल्यांच्या (होडीतली बसायची जागा) डोक्यावर येईल. (व्हँग स्प्रिंगचा असेल तर तो बूम तोलतो.)

क्रमही चुकवू नका. हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडा, टॅकची (शिडाचा खालचा पुढचा कोपरा) कडी हुकात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताठ करा, मगच क्लू ओढा. उलट केलंत तर पुढची कड सैल राहते आणि नेमक्या जोराच्या वाऱ्यात शीड फुगतं. हॅलयार्डवर खूण नसेल तर आज बंदरातच करून टाका.

मधल्या रीफच्या दोऱ्या फक्त लोंबणारं कापड आवरायला असतात. सैलच बांधा, जमल्यास बूमऐवजी शिडाच्या खालच्या कडेभोवती. रीफ काढताना त्या आधी सोडा. एखादी राहिली आणि हॅलयार्ड ओढला, तर शीड तिथेच फाटतं.