ठाणे-नवी मुंबईत स्वस्त प्लॉट घेताना: आधी तो स्वस्त का आहे ते शोधा

ठाणे, कल्याण, पनवेल पट्ट्यात एकाच गावात, एकाच रस्त्यालगतच्या दोन जमिनींच्या भावात दुपटीचा फरक सहज सापडतो. मालकाला किंमत कळत नाही म्हणून जमीन स्वस्त मिळाली, असं आता इथे क्वचितच घडतं. भाव पडलेला असतो तो कशामुळे तरी. ते कारण पैसे आणि वेळ खर्चून दूर होणारं असेल तर सौदा चांगला, नाहीतर मिळेल त्या भावात ती जमीन महागच. म्हणून मेहनत कारण शोधण्यात घालायची, घासाघीस नंतर.

सुरुवात भावापासून करा. एजंट सांगतो ती मालकाची अपेक्षा असते, झालेला व्यवहार नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. तिथे जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा गट नंबर टाकून, एकेक वर्ष घेऊन, शेजारच्या नंबरांच्या सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. मागची तीन वर्षं पुरेत. प्रत्येक सूचीत मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्र दिलेलं असतं. त्यातून बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, भावकीतले व्यवहार, विकसन करारनामे आणि अविभक्त हिश्श्याची खरेदीखतं बाजूला काढा. उरलेल्यांचा दर चौरस मीटरवर आणून एका तक्त्यात मांडा. बऱ्याच दस्तांत मोबदला रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या) आकड्याला चिकटलेला दिसला तर वरची रक्कम रोखीत गेली असण्याची शक्यता धरा. अशा वेळी आकड्यापेक्षा कोणता नंबर इतरांहून खाली गेला, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

मापात गफलत होऊ देऊ नका. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. एजंट दोन्ही एकच धरतात. ४० आर जमीन ४० गुंठे म्हणून विकली तर सुमारे ४७ चौरस मीटरचे पैसे जास्त जातात. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भाग, धरला आहे की वगळला, तेही विचारा.

फरकाचं सगळ्यात सरळ कारण रस्त्याची रुंदी. ठाणे महापालिका हद्दीत, दाट वस्तीचा भाग सोडून, २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआयच (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) मिळतो. ९ ते १२ मीटरवर प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला विकास हक्क) धरून तो २ पर्यंत जातो, ३० मीटर आणि पुढे ३ पर्यंत. त्यामुळे मागच्या गल्लीतला प्लॉट अर्ध्या भावात मिळतो आणि तो भाव रास्तच असतो. संधी आहे ती आज ६ मीटरची गल्ली असलेल्या, पण मंजूर विकास आराखड्यात रुंद रस्ता दाखवलेल्या जागेत. नगररचना विभागाकडून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या, रस्त्यात जाणारी पट्टी मोजून उरलेल्या जागेचा हिशेब करा. मात्र तो रस्ता कधी होईल, याची तारीख कुणी सांगितली तरी तिच्यावर पैसे लावू नका.

आता दूर होणाऱ्या त्रुटी. वारस नोंद राहिलेली, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज फिटूनही सातबारावरचा बोजा न उतरलेला, मोजणी न झालेली जमीन: ही कामं महिन्यांत होतात आणि तेवढ्यासाठी भाव चांगला उतरतो. वारसांच्या बाबतीत एकच आग्रह धरा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह सगळ्यांच्या सह्या. २००५ पासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे आणि आगरी-कोळी गावांतले बरेच दावे याच एका सहीवरून उभे राहतात. ‘कुळकायदा कलम ४३’ असा शेरा पाहून पुष्कळ जण मागे फिरतात. पण ३२म प्रमाणपत्राला (कुळाला मिळालेलं जमीन खरेदीचं प्रमाणपत्र) १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा सरकारकडे भरून शेतजमीन विकता येते, आणि आकार बहुधा काही रुपयांचाच असतो. घेणारा शेतकरी असला पाहिजे, ही अट मात्र कायम आहे. रस्ता नसलेल्या जमिनीला शेजाऱ्याकडून वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्या, खरेदीच्या आधी. तहसीलदार महसूल संहितेच्या कलम १४३ खाली देतात ती वाट शेतीसाठी असते, तिच्यावर बांधकाम परवानगी मिळेल असं धरू नका.

काही शेरे दिसले की तिथेच थांबा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा जुन्या फेरफारात (हक्कबदलाच्या नोंदीत) ‘खाजगी वन’ किंवा वन कायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस, आदिवासी खातेदार असल्याने महसूल संहितेच्या ३६-३६अ चं विक्रीवरचं बंधन, खाडीलगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र). १००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटर राखीव पट्टा असतो. बेलापूर, उरण, दिवा बाजूला भराव टाकून सपाट केलेल्या जागा याच पट्ट्यात निघू शकतात. खाजगी वनांचा कायदा १९७५ चा आहे, म्हणून चालू सातबारावर न थांबता त्याच्या आधीपासूनचे फेरफार काढा.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, तिच्या क्षेत्राचं गणित वेगळं. सिडकोने दिलेली जमीन बहुधा ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी, शुल्क आणि त्रिपक्षीय करारनामा लागतो. मुदतीत बांधकाम झालं नसेल तर अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्याची थकबाकी निघते, ती सिडकोकडून लेखी घेऊनच भाव ठरवा. साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात मूळ मालकाला विकसित प्लॉट देण्याच्या योजनेत, सामाजिक सुविधांची कपात होऊन प्रत्यक्षात ८.७५ टक्केच हातात येतात. प्लॉट वाटप व्हायच्या आधी नुसती ‘फाइल’ स्वस्तात विकली जाते. तिच्यात जागा ठरलेली नसते आणि पात्रतेचा वाद तुमच्या गळ्यात पडतो. ती घेऊ नका.

नैनाच्या (नवी मुंबई विमानतळाभोवतालचं अधिसूचित क्षेत्र) नगररचना योजनांत मूळ जमिनीच्या ४० टक्के अंतिम भूखंड मिळतो. मूळ क्षेत्राचा भाव गुंठ्याला २० लाख सांगितला तर अंतिम भूखंडाचा तो ५० लाख पडतो, वर सुधारणा शुल्क लागू असेल तर तेही. दोन जाहिरातींत अडीचपट फरक दिसला तर आधी हेच तपासा.

स्वस्त खरेदीवर करही बसतो, हे बहुतेकांना दस्त झाल्यावर कळतं. मुद्रांक शुल्क मोबदला आणि रेडी रेकनर यांतल्या जास्त रकमेवर लागतं. ठाणे शहरात ते ७ टक्के, वर नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. शिवाय रेडी रेकनर ६० लाख आणि एनए (बिगरशेती) प्लॉट ४८ लाखांना घेतला, तर फरक १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे गेल्याने पूर्ण १२ लाख प्राप्तिकरासाठी तुमच्या उत्पन्नात धरले जातात. जमिनीत खरंच दोष असेल तर दस्ताआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी (मूल्य आणि शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी) अर्ज करा.

यानंतर क्रम असा: वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, दोन वर्तमानपत्रांत १४ दिवसांची जाहीर नोटीस, भूमी अभिलेखकडून हद्दकायम मोजणी, आणि मग नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार). विसार कमीत कमी द्या आणि तो चेकने द्या. जमिनीच्या व्यवहारात विक्रेत्याला २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेता येत नाहीत. मोबदला ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, खरेदीखतच करा. मोजणीच्या खुणांवर त्याच आठवड्यात सिमेंटचे खांब रोवा आणि फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत तलाठी कार्यालयाचा पाठपुरावा सोडू नका.