कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदोच्या खेळाडूने वजने उचलायला सुरुवात कशी करावी

तालमीत चार-पाच वर्षे काढलेला मुलगा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या जिममध्ये पहिल्यांदा पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या अंगात ताकद असते, दम असतो, आणि त्याची अडचण तिथूनच सुरू होते. पहाटे पाचला जोर-बैठका मोजत वाढल्यामुळे आकडा वाढवत नेणे म्हणजे व्यायाम, हे त्याच्या मनात पक्के बसलेले असते. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावायचा लांब दांडा (बार), खांद्यावर घेतल्यावरही तो पाय थरथरेपर्यंत उठत-बसत राहतो. दुसऱ्या दिवशी हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरल्यावर पाय उचलत नाहीत, जोडीदार सहज एकेरी पट काढतो (एक पाय धरून पाडतो), आणि महिन्याभरात ‘वजनांनी अंग आखडते’ असे म्हणून तो जिम सोडतो. मीही विशीत याच कारणाने एकदा वजने सोडली होती आणि त्यात माझी दोन वर्षे वाया गेली.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, की वजने दम वाढवण्यासाठी उचलायची नसतात. फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, ज्युदोची वरिष्ठ गटाची लढत चार मिनिटांची असते. या मिनिटांत पुरेल असा दम मॅटवर, मातीत आणि रिंगमध्येच कमवावा लागतो. बारबेलकडून आपल्याला हवा असतो तो एका झटक्यात लागणारा जोर: समोरच्याला कमरेतून उचलण्याचा, ढाकेचा डाव मारताना खेचण्याचा, ठोशामागे जमिनीतून येणारा. त्यासाठी रेप्स (एका दमातल्या आवृत्त्या) थोड्या, वजन नेमके आणि दोन सेटमध्ये (सेट म्हणजे सलग केलेल्या रेप्सची एक खेप) दोन ते तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती लागते. ही विश्रांती तालमीतल्या मुलांना आळस वाटते, पण तिच्याशिवाय पुढचा सेट ताकदीचा राहत नाही. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवावा, की आणखी दोन रेप्स स्वच्छपणे निघाल्या असत्या.

वजनगटाची भीतीही येथेच मिटवून घ्यावी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मेंदू आणि नसा आहेत तेच स्नायू अधिक चांगले कामाला लावू लागतात म्हणून वाढते. जेवण नेहमीइतकेच ठेवून आठवड्यातून दोनदा पाच-पाच रेप्सचे सेट केल्याने ६५ किलोचा पैलवान ७० किलो गटात जात नाही.

आता तंत्राकडे वळू, कारण तालमीच्या काही सवयी बारबेलखाली अडचणीच्या ठरतात. आपली देशी बैठक टाचा उचलून, पायाच्या चवड्यांवर मारली जाते आणि गुडघे बरेच पुढे जातात. हजारो बैठका मारलेल्या मुलाच्या खांद्यावर बार ठेवला, की खाली जाताना त्याच्या टाचा आपोआप सुटतात, भार चवड्यांवर येतो आणि धड पुढे झुकते. त्याला जाणीवही होत नाही, इतके ते अंगवळणी पडलेले असते. यावर साधा उपाय असा, की पहिले दोन आठवडे बारबेल घ्यायचाच नाही. १० ते १२ किलोचे एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरावे, टाचा जमिनीत रोवाव्यात, सावकाश खाली बसावे, तळाशी एक क्षण थांबावे आणि मग उठावे. पायाचे अंगठे उचलून पाहता आले, तर भार टाचेवर आहे असे समजावे. बैठकांमुळे मांडीचा पुढचा भाग पोलादी होतो, मात्र मागचा भाग आणि नितंब त्या मानाने मागे राहतात. कमरेतून उचलण्याची खरी ताकद तिथेच असते, म्हणून मल्लाने डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभे राहण्याचा व्यायाम, टाळू नये.

डेडलिफ्ट शिकताना बार पायाच्या मध्यावर, नडगीपासून साधारण दोन बोटांवर ठेवावा. गुडघे वाकवण्याआधी नितंब मागे ढकलावेत, बार धरून मग नडगी त्याला टेकवावी, छाती पुढे काढून पाठ सरळ ठेवावी आणि पोटात श्वास भरून जमीन पायांनी खाली ढकलत असल्यासारखे उभे राहावे. बार पूर्ण वेळ पायाला घासत वर यायला हवा. पैलवान येथे चुकतो, कारण मोळीचा डाव बांधताना गोल पाठीने खेचण्याची त्याला सवय असते. कुस्तीत ती पाठ गोल होणारच, पण शिकण्याच्या काळात जमिनीवरचा भार उचलताना ती गोल होऊ देऊ नये. एक बारीक गोष्ट सांगायला हवी: मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्याकडच्या छोट्या जिममध्ये दहा किलोच्या लहान लोखंडी प्लेट लावल्या, की बार त्याहून बराच खाली जातो आणि नवख्याची पाठ वाकते. अशा वेळी प्लेटखाली दोन रबरी मॅट किंवा लाकडी फळ्या ठेवून उंची भरून काढावी.

दोन दिवसांचा आराखडा पुरेसा आहे. सोमवारी स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक) पाच रेप्सचे तीन सेट, बेंच प्रेस (बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलणे) किंवा डोक्यावर प्रेस तेवढेच, आणि डंबेल रोइंग (वाकून डंबेल कमरेकडे खेचणे) आठ रेप्सचे तीन सेट करावेत. गुरुवारी डेडलिफ्ट पाच रेप्सचे दोन सेट, पुलअप (बारला लटकून अंग वर खेचणे), एका पायावरचे लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणे) आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन तीस-चाळीस पावले चालणे. हे चालणे पकडीसाठी उत्तम आहे. पुलअप करताना बारवर टॉवेल टाकून त्याला लटकले, तर जॅकेट पकडणाऱ्या ज्युदोपटूला त्याचा विशेष उपयोग होतो. बॉक्सरने प्रेसपेक्षा रोइंगला अधिक वेळ द्यावा, कारण ठोसे मारून त्याचे खांदे पुढे ओढलेले असतात. मानेसाठी तालमीतला पूल (डोके आणि पाय टेकवून अंगाची कमान करणे) आधीच होत असतो. त्यात वजन न वाढवता डोक्याला हात लावून चारही बाजूंनी दहा-दहा सेकंद विरोध द्यावा.

बार रिकामाच वीस किलोचा असतो. मुलींसाठीचा बार पंधरा किलोचा असतो, मात्र तो अनेक जिममध्ये मिळत नाही, तेव्हा तिथे डंबेलवर काम चालवावे. वजन वाढवायचे ते आठवड्याला अडीच किलोने, आणि तेही मागचे सगळे सेट स्वच्छ निघाले तरच. अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना लावल्या की उडी थेट पाच किलोची होते. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घेऊन पिशवीत ठेवाव्यात. एवढ्या स्वस्तात मिळणारी दुसरी उपयोगी वस्तू मला माहीत नाही. प्रत्येक दिवशीचे वजन आणि रेप्स वहीत लिहावेत. शेजारचा किती उचलतो, हे तिथे लिहू नये. २०२० साली नाशिककडून लढणाऱ्या हर्षवर्धन सदगीर यांनी महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, तेव्हा त्यांचा बेंच प्रेस किती आहे, हे कोणी विचारले नव्हते.

वेळेचा मेळ घालणे सर्वांत अवघड जाते. पहाटे तालीम असेल तर वजने संध्याकाळी उचलावीत. दोन्ही सलग करणे भाग पडल्यास तालीम आधी करावी, कारण थकलेल्या पायांनी डाव शिकता येत नाहीत आणि तो आपला मुख्य धंदा आहे. जोरदार लढतींच्या आदल्या दिवशी डेडलिफ्ट नको. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पहाटेचा गारवा हाडांत शिरतो, तेव्हा रिकाम्या बारने नेहमीपेक्षा दोन सेट जास्त करून मगच वजन चढवावे.

खुराकात तूप-बदामावर जितके लक्ष असते तितके प्रथिनांवर नसते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने धरली, तर ६५ किलोच्या मल्लाला दिवसाला साधारण १०४ ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि एक लिटर दुधात तीस ग्रॅमच्या आसपास मिळतात, बाकीची डाळ, उसळ, सोयाबीन किंवा मांसाहारातून भरून काढता येतात. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडले असेल, त्या दिवसांत जड बारजवळ जाऊ नये. कंबरेतून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबावे आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. वस्तादांची मालीश तिथे पुरत नाही.

वर्षाचा हिशोब आपल्या जत्रांवरून लावावा. आषाढ-श्रावणात, नागपंचमीच्या कुस्त्या सोडल्या तर, आखाडे थंड असतात; जड वजने चढवायचा काळ तो. चैत्रापासून गावोगाव जत्रांचे आखाडे भरू लागले, की आठवड्यातून एकच दिवस जिमला जावे, प्रत्येक व्यायामाचा एक किंवा दोनच सेट करावे, पण बारवरचे वजन उतरवू नये, कारण कमावलेली ताकद टिकवायला तेवढे पुरते. लढतीआधीचा शेवटचा जड दिवस किमान चार दिवस आधी संपलेला असावा.