मुंबईच्या उपनगरात वीज कंपनी बदलायची? आधी वर्षाची बिलं काढा

भारतात घरगुती ग्राहकाला वीज कोणाकडून घ्यायची हे ठरवता येतं अशा जागा फार थोड्या आहेत. मुंबईची उपनगरं त्यातली एक. इथे अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर अशा दोन कंपन्यांना परवाना आहे, आणि 2009 पासून ग्राहक एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. तरीही बहुतेक घरांत वर्षानुवर्षं एकच बिल येतं आणि निमूट भरलं जातं. ही निवड कायद्याने मिळालेली आहे, ती एकदा तरी तपासून बघायला हवी. मुलुंड-भांडुपला मात्र महावितरण आहे, तिथल्यांना हा हिशेब लागू नाही.

पहिलं काम म्हणजे मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवणं. कागद सापडत नसतील तर कंपनीच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की मिळतात. रक्कम नको, प्रत्येक महिन्याचे युनिट लिहून काढा.

इथे सरासरी काढायचा मोह होतो, तो टाळा. समजा, तुमच्या घरी नऊ महिने 240 युनिट जळतात आणि एप्रिल, मे, जूनमध्ये एसीमुळे 420. वर्षाची सरासरी निघते 285. विजेचा दर युनिटांच्या टप्प्यांनी चढतो आणि 300 नंतर वरचा टप्पा लागतो. म्हणजे कागदावर तुम्ही कधी 300 ओलांडतच नाही! प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दर वेळी 120 युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि फरक तिथेच पडतो. म्हणून हिशेब महिन्यागणिकच करायचा.

आता दोन्ही कंपन्यांची चालू दरपत्रकं उतरवून घ्या. हे दर कंपन्या मनाने लावत नाहीत, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे दोन्ही पत्रकं उघडपणे मिळतात. घरगुती विजेचे टप्पे असे: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. पुष्कळांना वाटतं की 301 वा युनिट जळला की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नसतं. 420 युनिटांपैकी पहिले 100 पहिल्या दराने, पुढचे 200 दुसऱ्या आणि उरलेले 120 तिसऱ्या दराने. बिल तीस दिवसांपेक्षा जास्त किंवा कमी दिवसांचं असेल तर टप्पेही त्या प्रमाणात वाढतात किंवा घटतात.

युनिटच्या दरात वहन आकार (तारांतून वीज आणून देण्याचे पैसे) मिळवा, मग वापर कितीही असला तरी लागणारा दरमहाचा स्थिर आकार, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे कमी-जास्त होणारी रक्कम) आणि शेवटी त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे सरकारचा कर. कंपनी बदलणाऱ्यावर आयोगाने काही अधिभार ठेवला असेल तर तोही धरा. नुसता ‘युनिटला किती’ एवढंच विचारून कंपनी बदलणं मला अजिबात पटत नाही. कमी वापराच्या घराला एक कंपनी स्वस्त पडेल आणि दोन एसीवाल्या शेजाऱ्याला दुसरी, असं होऊ शकतं. शेजाऱ्याचा सल्ला ऐका, पण आकडेमोड आपल्या युनिटांवर करा.

वर्षाचा फरक समाधानकारक असेल तर पुढे जा. बदलाचे दोन प्रकार आहेत. चेंजओव्हरमध्ये तारा जुन्याच कंपनीच्या राहतात, वीज आणि बिल नव्या कंपनीचं. त्यामुळे वीज गेली की दुरुस्ती तारांच्या मालक कंपनीनेच करायची असते. हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री अंधारात भलत्याच क्रमांकावर फोन होतात. स्विचओव्हरमध्ये नव्या कंपनीची केबलच इमारतीत येते, आणि ती जवळपास आलेली आहे का यावर सगळं अवलंबून असतं.

अर्ज करण्याआधी थकबाकी फेडा. नव्या कंपनीकडे सुरक्षा ठेव भरावी लागते, जुनी परत मिळते, पण मधले काही दिवस दोन्ही रकमा अडकू शकतात, तेवढी सोय ठेवा. भाड्याच्या घरात मीटर मालकाच्या नावावर असेल तर आधी त्यांना विचारा. बदलाच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. शेवटच्या बिलावरून वाद झालाच तर तो कामी येतो. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल.

गॅसचं काय? पाइप गॅस महानगर गॅसचाच, तिथे निवड नाही. सिलिंडरच्या तिन्ही सरकारी कंपन्यांचा घरगुती भाव एकाच शहरात सारखा असतो, त्यामुळे कंपनी बदलून पैसे वाचत नाहीत. तुलना करायची ती सिलिंडर आणि पाइप यांची. 14.2 किलोच्या सिलिंडरमधली उष्णता पाइप गॅसच्या सुमारे 18 घनमीटरांएवढी असते. सिलिंडरच्या किमतीला 18 ने भागा आणि येणारा आकडा पाइप गॅसच्या बिलातल्या दराशेजारी ठेवा.

विजेचे नवे दर साधारणपणे एप्रिलपासून लागू होतात. दरपत्रक बदललं की तीच बारा महिन्यांची युनिटं घेऊन बेरीज पुन्हा मांडा.