हॉट डॉगवर घालण्यासाठी डबाबंद चिली कशी निवडावी

'चिली सॉस' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना चायनीजच्या गाडीवरची लाल किंवा हिरवी बाटली आठवते. अमेरिकेतल्या दुकानात केचपच्या शेजारी याच नावाची आणखी एक बाटली असते. ती टोमॅटो, साखर आणि व्हिनेगर यांची, गोडसर चवीची असते आणि मुख्यतः कोळंबीसोबतच्या कॉकटेल सॉससाठी वापरली जाते. हॉट डॉगवर घालायची चिली या दोहोंपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. बारीक खिमा मिरची आणि जिऱ्याच्या मसाल्यात शिजवून केलेला तो दाट रस्सा असतो आणि तो पत्र्याच्या डब्यात, डबाबंद सूप किंवा बीन्सच्या फळीवर मिळतो. नव्याने अमेरिकेत आलेल्यांनी आधी हा फरक लक्षात घ्यावा, कारण फळी चुकली की पुढची सगळी खरेदी चुकते.

न्यू जर्सीत आमच्या घरी उन्हाळ्यात मागच्या अंगणात ग्रिल पेटते, तेव्हा सात-आठ कुटुंबे जमतात आणि मुलांसाठी हॉट डॉग होतातच. पहिल्या वर्षी मी फळीवरचा सर्वांत मोठा आणि स्वस्त डबा उचलून आणला होता. त्यात राजम्यासारखे मोठे दाणे होते. वाडग्यात घेऊन चमच्याने खायला ती चिली चांगली होती, पण पावात ठेवलेल्या सॉसेजवर घातल्याबरोबर दाणे दोन्ही बाजूंनी घरंगळून खाली पडू लागले, पातळ रस पावात मुरला आणि हॉट डॉग तोंडापर्यंत नेईतो पावाचा तळ फाटला. चांगली चिली आणि हॉट डॉगसाठी चांगली चिली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी पांढऱ्या कागदी ताटलीवर पसरलेल्या लाल रसाकडे पाहताना मला कळले. तेव्हापासून मी डबा निवडताना तो सॉसेजवर टिकून बसेल का आणि सॉसेजची चव झाकून तर टाकणार नाही ना, हे दोनच प्रश्न मनाशी ठेवते.

डब्यावरचे नाव नीट वाचणे ही पहिली पायरी आहे, कारण अमेरिकेत हे नाव उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. तिथल्या शेती खात्याच्या नियमानुसार 'चिली कॉन कार्ने' असे लिहिलेल्या पदार्थात ताज्या, कच्च्या मांसाच्या वजनाने मोजून किमान 40 टक्के मांस असावे लागते. 'चिली कॉन कार्ने विथ बीन्स' असेल तर हे प्रमाण किमान 25 टक्के असते. आणि नुसते 'चिली सॉस विथ मीट' असेल तर 6 टक्के मांसही पुरते. हे आकडे डोळ्यांसमोर आणून पाहावेत. 425 ग्रॅमच्या चिली कॉन कार्नेच्या डब्यात किमान 170 ग्रॅम कच्चे मांस गेलेले असते, तर 283 ग्रॅमच्या सॉसच्या डब्यात ते जेमतेम 17 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर खिमा, असले तरी नियम पाळला जातो. यावरून सॉसचा डबा वाईट ठरत नाही. हॉट डॉगमध्ये मुख्य मांस सॉसेजचेच असते, त्यामुळे वर घालायच्या रश्श्यात मांस थोडे कमी असले तरी चालते. मात्र आपण खिम्याचे पैसे मोजत आहोत की मसालेदार पिठल्याचे, हे विकत घेण्यापूर्वी माहीत असावे.

नावानंतर घटकांची यादी पाहावी. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले पाणी आणि दुसरे बीफ असेल तर तो डबा विचारात घेण्याजोगा असतो. पाणी, टोमॅटो, मग मक्याचा स्टार्च किंवा गव्हाचे पीठ आणि त्यानंतर कुठेतरी मांस असा क्रम असेल, तर त्या चिलीचा दाटपणा पिठाचा असतो आणि ती जिभेला चिकट लागते. काही उत्पादक दाटपणासाठी ओट्स घालतात. त्याला माझी हरकत नाही, कारण ओट्स शिजून खिम्यात मिसळून जातात आणि रसाला धरून ठेवतात. सोयाबीनपासून काढलेली प्रथिने मांसाची भरती करण्यासाठी घातलेली असतात. 'मेकॅनिकली सेपरेटेड चिकन' असे शब्द दिसले तर हाडांना चिकटलेले कोंबडीचे मांस यंत्राने दाबून, लगद्यासारखे वेगळे काढून त्यात घातले आहे, असे समजावे. त्या लगद्याला रवाळपणा नसतो आणि हॉट डॉगवरच्या चिलीत मला तो रवाळपणाच हवा असतो. गहू किंवा सोयाबीन वर्ज्य असलेल्यांनी तर ही यादी वाचल्याशिवाय डबा टोपलीत टाकूच नये.

बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्या घरांसाठी हीच यादी आणखी महत्त्वाची आहे. हॉट डॉगसाठीच्या डबाबंद चिलीत बहुधा बीफ असते, काहींत त्याच्या जोडीला पोर्क किंवा कोंबडीही असते आणि डब्याच्या दर्शनी बाजूवरून ते कळेलच असे नाही. टर्की चिली आणि शाकाहारी चिली वेगळ्या मिळतात. मात्र शाकाहारी डबे बहुधा बीन्सचे असतात, म्हणून ते गरम करताना पळीच्या पाठीने निम्मे दाणे भांड्याच्या कडेला चेपून घ्यावेत. रस आपोआप दाट होतो आणि उरलेले दाणे त्यात धरून राहतात. ज्या घरी दोन्ही प्रकार खाणारी माणसे येणार असतील, तिथे दोन भांडी आणि दोन वेगळे डाव ठेवावेत.

मिठाची तुलना करताना फसगत होण्याचा संभव असतो, तो असा. हॉट डॉग सॉसच्या डब्यावरचे आकडे पाव कपाच्या हिशेबाने दिलेले असतात, तर जेवणाच्या चिलीच्या डब्यावर ते एका कपाचे असतात. समजा, पहिल्यावर सोडियम 250 मिलिग्रॅम आणि दुसऱ्यावर 1000 मिलिग्रॅम लिहिले असेल, तर पहिला डबा चौपट सौम्य वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच खारट असतात. प्रौढ माणसासाठी दिवसाची मर्यादा 2300 मिलिग्रॅम मानली जाते आणि सॉसेज, पाव व मस्टर्ड यांचे मीठ वेगळेच असते. म्हणून दोन डब्यांत निवड करताना आकडे आधी पाव कपावर आणावेत आणि कमी खारट डबा घ्यावा. मीठ वरून घालता येते, घातलेले काढता येत नाही.

कोणत्या प्रकारची चिली हवी हे आपण कोणत्या प्रांताचा हॉट डॉग करणार आहोत यावरही अवलंबून असते. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमध्ये 'अमेरिकन कोनी आयलंड' हे 1917 पासूनचे हॉट डॉगचे दुकान आणि त्याला लागूनच असलेले 'लाफायेट कोनी आयलंड' अशी दोन दुकाने आहेत. कोनी आयलंड हे नाव न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्याचे असले तरी त्या नावाचा, चिली घातलेला हॉट डॉग रुजवला तो मिशिगनसारख्या भागांत आलेल्या ग्रीक स्थलांतरितांनी. तिथली चिली सैलसर, बिनदाण्याची असते आणि तिच्यावर पिवळे मस्टर्ड व बारीक चिरलेला कच्चा कांदा घालतात. मिशिगनमध्येच फ्लिंट या गावी तीच चिली जवळजवळ कोरडी, सुक्या खिम्यासारखी करतात. आमच्या न्यू जर्सीत पॅटरसन या गावचा 'टेक्सास वीनर' प्रसिद्ध आहे; त्यात तळलेल्या सॉसेजवर आधी मस्टर्ड आणि कांदा व सर्वांत वर चिली असा क्रम असतो. कॅरोलायनांत चिली, मस्टर्ड आणि कांदा यांच्यासोबत कोबीचे स्लॉ, म्हणजे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीची कोशिंबीर, घालतात. तिथे कोबीला पाणी सुटते म्हणून चिली मुद्दाम दाट निवडावी. टेक्सासमध्ये चिलीत बीन्स घालणे अनेकांना मान्यच नसते, त्यामुळे त्या परंपरेतला बिनदाण्याचा डबाही हॉट डॉगला उपयोगी पडतो, फक्त त्यातले मांसाचे मोठे तुकडे चमच्याने मोडून घ्यावे लागतात.

मराठी घरांसाठी माझी स्वतःची पसंती ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराच्या पद्धतीच्या चिलीला आहे. मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी 1922 मध्ये सिनसिनाटीत 'एम्प्रेस' हे दुकान काढले आणि 1949 मध्ये निकोलस लाम्ब्रिनिडिस या ग्रीक गृहस्थांनी 'स्कायलाइन' सुरू केले. स्कायलाइनची चिली आज डब्यातही मिळते. या चिलीतला खिमा अतिशय बारीक असतो, कारण तो परतून न घेता पाण्यात मोडून शिजवण्याची तिथली रीत आहे, आणि तिच्या मसाल्यात दालचिनी, लवंग यांचा वास असतो. घरी गरम मसाला कुटलेला ज्याने पाहिला आहे, त्याला पहिल्या घासातच ती ओळखीची वाटते. ती काहीशी पातळ असते, म्हणून पाव भाजून घ्यावा आणि वर बारीक किसलेल्या चेडर चीजचा ढीग घालावा. चीज रस शोषून घेते.

एवढे करून दोन-तीन डबे निश्चित झाले, की पार्टीच्या आधी कधीतरी प्रत्येकाचा एक-एक आणून घरी पारख करावी. डबा उघडल्यावर चमचा आत घालून वर काढावा. थंड चिली चमच्यावर उभी राहते, पण तिला जेलीसारखा थरथराट असेल तर स्टार्च जास्त आहे. वर चरबीचा पांढरट थर असणे स्वाभाविक आहे, तो गरम झाल्यावर तर्रीसारखा पसरतो. मात्र थर बोटभर जाड असेल तर तो डबा मी पुन्हा आणत नाही. नंतर प्रत्येक चिली मंद आचेवर गरम करून दोन-दोन चमचे पावाच्या तुकड्यावर घालावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. पार्टीत हॉट डॉग लगेच खाल्ला जात नाही, कोणी बोलत उभे असते, कोणी मुलाला भरवत असते, त्यामुळे ही दहा मिनिटे खरी असतात. तेवढ्यात पाव खालून ओला झाला तर चिली पातळ आहे. वर साय धरून ती कोरडी पडली तर पीठ जास्त आहे. आणि खिम्याचे कण वेगळे दिसत असून रस त्यांना धरून राहिला असेल तर तोच डबा घ्यावा. चव मात्र सॉसेजच्या तुकड्याबरोबरच पाहावी. एकटी चाखताना जी चिली झणझणीत आणि उत्तम वाटते ती सॉसेजसोबत अनेकदा जड होते, आणि जी जराशी अळणी वाटते ती नेमकी जमून येते.

तिखटपणाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. अमेरिकेत 'चिली पावडर' म्हणजे आपले लाल तिखट नव्हे; तो मिरची, जिरे, ओरेगॅनो आणि लसूण यांचा सौम्य मिश्र मसाला असतो, आणि डब्यावर 'हॉट' लिहिले असले तरी आपल्या जिभेला ती चिली मध्यमच लागते. वरून कोरडे तिखट टाकल्यास त्याचा कच्चा वास राहतो. त्याऐवजी लहान कढल्यात चमचाभर तेल तापवून, गॅस बंद करून त्यात पाव चमचा तिखट आणि चिमूटभर जिरेपूड घालावी आणि ते लगेच चिलीत ओतावे. शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर घातल्यास डब्याची बोथट चव पुष्कळ सुधारते. गरम करताना भांडे जाड बुडाचे घ्यावे आणि सतत ढवळावे, कारण स्टार्चमुळे तळ चटकन लागतो आणि करपट वास सगळ्या चिलीला येतो.

डब्याच्या अवस्थेकडे दुर्लक्ष करू नये, हे मी कळकळीने सांगते. 2007 मध्ये जॉर्जियातल्या एका कारखान्यात तयार झालेल्या हॉट डॉग चिली सॉसमुळे इंडियाना, टेक्सास आणि ओहायोमधल्या आठ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार, झाला होता. डबे पुरेशा उष्णतेने प्रक्रिया न होता बाहेर पडले होते आणि ते मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले. असे प्रसंग विरळा आहेत, पण चिली हा कमी आम्लाचा पदार्थ असल्याने त्यात हा जंतू हवेशिवाय वाढू शकतो आणि त्याचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, आणि घरातला डबा उघडताना आतून जोराने फवारा उडाला तर तो चाखून पाहू नये. लहानसा, मधल्या भागावरचा पोचा चालतो.

खरेदीचा अंदाज बांधताना 283 ग्रॅमच्या डब्यात पाव कपाच्या हिशेबाने चार ते पाच हॉट डॉग होतात असे धरावे. मुलांना पाव कप जास्त होते, त्यांना दोन चमचे पुरतात. उरलेली चिली डब्यातच न ठेवता काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. तेवढ्यात संपणार नसेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावी. दोन वड्या एका हॉट डॉगला बरोबर होतात, आणि शाळेतून भुकेलेले मूल घरी आले की त्या पाच मिनिटांत गरम करून देता येतात.