निळ्या पट्ट्यांची माशी आणि बिबळ्या कडवा: बडोद्यात प्रकल्प करणाऱ्यांसाठी

बीएस्सीच्या प्रकल्पाला ‘मधमाशी आणि फुलपाखरू’ असा ढोबळ विषय घेतला की पंख, मिशा, सोंड यांचा तक्ता होतो आणि तोंडी परीक्षेत बोलायला काही उरत नाही. त्यापेक्षा दोन जाती नक्की करा: निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी (अमेगिला) आणि बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर. प्रश्न एकच ठेवा: पिल्लांच्या खाण्याची सोय कोण कशी करतं?

अमेगिलाची मादी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते, कप्प्यात पराग आणि मध साठवते, मग अंडं घालते. म्हणून तिची सगळी घाई. तुळशीच्या मंजिरीवर ती नुसती टेकते न टेकते तोच पुढच्या फुलावर. वांग्याच्या फुलाशी मात्र कान द्या. तिथे पराग परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रातून निघतो. तो झटकायला ती फुलाला लटकते आणि उडायचे स्नायू थरथरवते. गुणगुण एकदम वरच्या पट्टीत जाते. नेहमीच्या मधमाश्यांना हे जमत नाही.

कडव्याला साठवण करायचीच नसते. मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं चिकटवते आणि निघून जाते. पुढे अळी आणि पान. रुई सापडत नसेल तर माळ्याला ‘आकडो’ (रुईचं गुजराती नाव) विचारा. पानं उलटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्यांना इजा होते.

नोंदी सकाळी ८ ते ११ मध्ये, एक चौरस मीटरच्या ताटव्यावर, दहा-दहा मिनिटांच्या घ्या. माश्या मोजू नका, तीच तीच परत येते; फुलांना दिलेल्या भेटी मोजा. ऊन की ढग हा रकाना हवाच, कारण ढग आले की कडवा पंख मिटून बसतो आणि तुमचा शून्य फसवा ठरतो.

ओळखीत चुका ठरलेल्या. दोनच पंख आणि आखूड मिशा असतील तर ती अमेगिला नव्हे, फूलमाशी (हॉवरफ्लाय). कडव्याला चारच पाय दिसतात. पुढची जोडी आखडलेली असते. त्याची हुबेहूब नक्कल करणारी डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादीही असते, तेव्हा मागच्या पंखाच्या वरच्या बाजूचे काळे ठिपके मोजा: एगफ्लायला एक, कडव्याच्या मादीला तीन, नराला चार. कडव्याचा नर सुकलेल्या भुरुंडीवर (हेलिओट्रोपियम) बसलेला दिसला तर ती भेट मधासाठीची म्हणून मोजू नका. मादीला आकर्षित करणाऱ्या गंधासाठी लागणारी अल्कलॉइडं (वनस्पतीतली रसायनं) तो तिथून घेतो.