साइट हलवायचीय? नेमसर्व्हरला हात लावू नका

होस्टिंग सपोर्टच्या कामाला नवीन लागलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात बजावते: ग्राहकाचं डोमेन दुसरीकडे वळवायचं असेल तर त्या डोमेनची साइट कुठे आहे, मेल कुठे जातो याची उत्तरं सध्या कोणता नेमसर्व्हर देतोय ते आधी बघा. एनएस रेकॉर्ड (डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणारी नोंद) तपासल्याशिवाय कुठलंही पॅनेल उघडू नका.

होतं काय, की डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं असतं, साइट दुसरीच्या सर्व्हरवर, मेल गूगल नाहीतर झोहोवर आणि डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, चौथीकडेच, बरेचदा क्लाउडफ्लेअर या कंपनीकडे. डीएनएसचा टॅब मात्र यातल्या दोन-तीन पॅनेलमध्ये दिसतो. तुम्ही होस्टिंगच्या सीपॅनेल नावाच्या पॅनेलमध्ये ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या आयपी पत्त्याची नोंद, बदलता, तो सेव्ह होतो, हिरवी पट्टी येते आणि बाहेर ढिम्म काही बदलत नाही. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील तर सीपॅनेलला विचारतंय कोण?

मग वैतागून माणूस नेमसर्व्हरच बदलून टाकतो. होस्टिंगच्या वेलकम मेलमध्येही 'आमचे दोन नेमसर्व्हर टाका' एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या मते नवख्यासाठी हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. नेमसर्व्हर बदलले की जुन्या झोनमधले, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतले, सगळेच रेकॉर्ड एका फटक्यात निकामी होतात. साइटचा तेवढा ए रेकॉर्ड वेगळा काढता येत नाही.

असेच नेमसर्व्हर बदललेल्या एका व्यापाऱ्याचा फोन आठवतो. "मॅडम, नवी साइट झकास चालतेय, पण सकाळपासून ऑर्डरचा एकही मेल नाही." टर्मिनलमध्ये डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) चालवून एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारा रेकॉर्ड, विचारला. उत्तरात गूगलचं नावही नव्हतं. त्याचं स्वतःचंच डोमेन आलं, म्हणजे होस्टिंगवर आपोआप तयार झालेला एमएक्स. मेल नव्या सर्व्हरकडे जात होते आणि तिथे मेलबॉक्सच नसल्यानं परत फिरत होते. जुना झोन अजून पुसला गेला नव्हता, हे नशीब. डिगला जुन्या नेमसर्व्हरचं नाव देऊन थेट त्यालाच विचारता येतं, तसं विचारून एमएक्स आणि एसपीएफचा (डोमेनच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारा) टीएक्सटी रेकॉर्ड उतरवून घेतला. डीकेआयएमचं, म्हणजे मेलवरची डिजिटल सही पडताळायच्या रेकॉर्डचं, तसं नाही. त्याचा सिलेक्टर (त्या रेकॉर्डच्या नावातला खास शब्द) माहीत असेल तरच तो विचारता येतो, सगळ्या झोनची यादी बाहेरच्याला सहसा कुणी देत नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधी झोन एक्स्पोर्ट करा, ती सोय नसेल तर स्क्रीनशॉट घ्या.

साइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हर आहेत तिथेच राहू द्या आणि फक्त ए रेकॉर्ड नव्या आयपीवर न्या. क्वाड-ए (आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याचा रेकॉर्ड) असेल तर तोही बदला किंवा काढा. नाहीतर आयपीव्ही६ वापरणाऱ्यांना जुनीच साइट दिसत राहते. मोबाइलवर जुनी आणि ऑफिसात नवी साइट दिसते, अशी तक्रार आली की मी आधी तेच बघते.

मूळ डोमेनवर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावावर, सी-नेम (एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड) चालत नाही. तिथे एसओए (झोनची मूळ माहिती) आणि एनएस असतातच, आणि सी-नेम शेजारी दुसरा रेकॉर्ड खपवून घेत नाही. म्हणून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सी-नेम आणि मूळ नावाला ए रेकॉर्ड द्या. उदाहरणार्थ गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेसाठी १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत चार आयपी टाकावे लागतात, फक्त तिसरा आकडा बदलतो. काही पुरवठादार मूळ नावावरही सी-नेमसारखी सोय देतात, पण ती त्यांची स्वतःची युक्ती आहे.

बदल दिसायला '४८ तास थांबा' हे वाक्य ग्राहकाच्या तोंडावर फेकू नका. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर एनएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो आकडा) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. नेमसर्व्हर बदलले तर तेवढा वेळ धरायचा. ए रेकॉर्ड मात्र स्वतःच्याच टीटीएलवर चालतो. सीपॅनेलमध्ये तो बहुधा १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो. आदल्या दिवशी तो ३०० वर आणा. आयपी बदलताना टीटीएल कमी करून उपयोग नाही, लोकांच्या रिझॉल्व्हरांनी, म्हणजे त्यांच्या वतीनं डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरांनी, जुना आयपी जुन्या टीटीएलसकट आधीच घेऊन ठेवलेला असतो. तसंच, नवा सबडोमेन तयार करण्याआधी ब्राउझरमध्ये उघडून बघू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, बसतं.

डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या यंत्रांची नावं एका होस्ट्स फाइलमध्ये लिहून सगळीकडे वाटली जायची. तशी फाइल आजही तुमच्या संगणकात आहे आणि डीएनएसच्या आधी तिचंच ऐकलं जातं. नवा आयपी आणि डोमेन तिच्यात लिहा, जगाला कळू न देता नवी साइट तपासा, मग ती ओळ आठवणीनं काढा.

एवढं करूनही भलतंच पान किंवा सुरक्षा सर्टिफिकेटची सूचना आली तर बोट डीएनएसकडे दाखवू नका. नव्या सर्व्हरवर ते डोमेन जोडलेलं आणि सर्टिफिकेट निघालेलं असावं लागतं. .भारत डोमेन असेल तर झोनमध्ये मराठी नावाऐवजी एक्सएन आणि दोन डॅशनं सुरू होणारी अक्षरं दिसतील, घाबरू नका.

आणि जुनं होस्टिंग त्याच दिवशी रद्द करू नका. जुन्या सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगवर नजर ठेवा. बॉट सोडून कुणी येईनासं झालं की मगच बंद करायला सांगा.